किमान मजुरी वाढली की कामं जातात का?

२०२४ च्या मे महिन्यात बांधावर न्याहारीला बसलेल्या मावशीनं मला विचारलं, "सरकारनं हजेरी वाढवली म्हणत्यात. मग आमचं काम ऱ्हाईल का जाईल?"

मावशी नात्यातली नाही. वीस वर्षं आमच्या रानात कांदा लावायला, खुरपायला, काढायला येते, म्हणून मावशी. त्या एप्रिलपासून रोजगार हमीची महाराष्ट्रातली हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, २७३ वरून २९७ रुपये झाली होती, त्याची कुणकुण तिला लागली होती. मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, वडील माण तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी आहेत, आणि माझ्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात कामावर खडी फोडली आहे. मजुरी देणारे आणि घेणारे, दोन्ही माझ्याच घरातले. त्यामुळे हा प्रश्न मला कधी नुसता पेपरातला वाटला नाही. त्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही, पण सोपं करून नक्की सांगता येतं.

पहिलं उत्तर कोणीही देईल. टोमॅटो शंभर रुपये किलो झाला की आपण पावशेरावर भागवतो. वस्तू महागली की माणूस ती कमी घेतो, मग मजुरी महागली की मजूरही कमी लावणार. १९४६ साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं हेच मांडलं: किमान वेतनाचा कायदा ज्यांच्यासाठी करता, त्यांच्यातल्याच काहींचं काम त्यानं जाईल, आणि गरिबी हटवायचा हा चांगला रस्ता नाही. पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत हाच धडा पहिला होता, आणि मीही तो तसाच शिकलो. तर्कात खोट नाही. फक्त मजूर आणि टोमॅटो यांचा बाजार सारखाच चालतो, असं त्यात धरून चाललेलं आहे. ते तसं नसतं, आणि का नसतं हे एका रानाच्या हिशोबातून स्पष्ट दिसतं.

समजा, एका वस्तीला जवळ असा एकच बागायतदार आहे. त्याच्याकडे दहा बाया ३०० रुपये हजेरीनं येतात. एका बाईच्या दिवसभराच्या कामाचं मोल त्याला ४५० रुपये आहे. अजून एक बाई मिळाली तर त्याला हवी आहे, पण ती पलीकडच्या गावाहून येणार आणि ३३० मागते. आता अकरावीला ३३० दिले की बाकीच्या दहाजणी ऐकून घेणार नाहीत. रानात कोणाला किती मिळतात हे दिवस मावळायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणजे त्या दहाजणींनाही तीस-तीस रुपये वाढवावे लागणार. अकरावी बाई त्याला पडली तिचे स्वतःचे ३३० आणि वर ३००, एकूण ६३० रुपयांना. काम करणार ४५० चं. तो तिला बोलावत नाही.

आता कायदा आला, की ३३० च्या खाली कोणालाच देता येणार नाही. दहाजणींना तर ३३० द्यावेच लागतात. मग अकरावीही नुसत्या ३३० लाच पडते, आणि काम ४५० चं करते. तो तिला बोलावतो. मजुरी वाढली आणि कामावरची माणसंही वाढली. पण हाच दर ५०० ठेवला असता तर? ४५० च्या कामाला ५०० कोण देणार? दहाच्या दहाजणी घरी बसल्या असत्या.

माणसं तीच, रान तेच. दर कुठे ठेवला यावर निकाल उलटा झाला. किमान मजुरीवरच्या वादात हीच एक गोष्ट बहुतेकदा हरवते. "मजुरी वाढवली की बेकारी वाढते" हे अर्धं खरं आहे, आणि "मजुरी वाढवल्यानं काही बिघडत नाही" हेही अर्धंच. आधी विचारायचं ते हे, की मजुराला आत्ता मिळतंय किती, तिच्या कामाचं मोल किती, आणि मधला फरक कोणाच्या खिशात जातोय.

विकणारे पुष्कळ आणि घेणारा एकच, अशा बाजाराला 'मोनोप्सनी' म्हणतात. केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली हा शब्द रूढ केला. आमच्या गावात शेतकरी एक नाही, शेकड्यांनी आहेत, मग इथे मोनोप्सनी कशी, असं माझे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना मावशीचा दिवस डोळ्यांसमोर आणायला सांगतो. सकाळी पाणी भरून, भाकऱ्या थापून, नातवाला अंगणवाडीत सोडून ती निघणार, आणि अंगणवाडी सुटायच्या सुमाराला कोणीतरी घरी असायला हवं. चालत जाता येईल एवढ्यातच तिचं काम. त्या टापूत त्या आठवड्यात ज्याच्या रानात काम आहे, तो तिच्यासाठी एकटाच असतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर उघडच दिसतं. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्या कोयत्यानं पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यावर जास्त मिळतात हे माहीत असून जाता येत नाही. म्हणजे काम देणारा एकच असायला गावात एकच माणूस असावा लागत नाही. अंतर, लहान मूल, कर्ज, यातलं काहीही एक पुरतं.

हे सगळं पुस्तकात बरीच वर्षं पडून होतं. प्रत्यक्षात मोजून पाहिलं ते अमेरिकेत, १९९२ साली. न्यू जर्सी राज्यानं त्या वर्षी १ एप्रिलला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बर्गर वगैरे विकणाऱ्या ४१० दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा माहिती घेतली. न्यू जर्सीत कामगार कमी व्हायला हवे होते. झाले नाहीत. यावर मोठं वादळ उठलं. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून उलटा निष्कर्ष काढला, कार्ड-क्रूगरांनी २००० साली सरकारी नोंदी वापरून पुन्हा उत्तर दिलं. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. क्रूगर २०१९ मध्येच गेले होते. नंतर २०१९ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या राज्यांनी १९७९ ते २०१६ या काळात केलेल्या १३८ वाढी एकत्र तपासल्या. नव्या दराच्या खालच्या जेवढ्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, जवळपास तेवढ्याच त्या दरावर आणि जरा वर तयार झाल्या होत्या. म्हणजे नोकऱ्या गेल्या नाहीत, वर सरकल्या.

पण सिएटल शहरानं दर १३ डॉलरपर्यंत नेला तेव्हा तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांना २०१७ मध्ये दिसलं, की कमी पगाराच्या कामांचे तास घटले. माणूस कामावर राहतो, तास कमी होतात. आपल्याकडे हे तासांत नाही, दिवसांत होतं. "उद्या येऊ नका, परवा या." मजुरीचा दर सांगणारा कोणताही आकडा ऐकला की वर्षातून किती दिवस, हे मी आधी विचारतो.

पैसा कोणाच्या खिशातून जातो

हंगेरीनं २००१ साली किमान वेतन एकदम प्रचंड वाढवलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढची चार वर्षं तपासली तेव्हा दिसलं, की बहुतेक कंपन्यांनी माणसं काढली नाहीत, पगार वाढवले. वाढलेल्या खर्चातला सुमारे ७५ टक्के भार ग्राहकांनी वाढलेल्या किमतींतून उचलला, २५ टक्के मालकांनी. ज्यांना माल बाहेरच्या देशांत विकायचा होता, किंमत वाढवायची सोय नव्हती, तिथे मात्र कामं जास्त गेली.

हे वाचलं तेव्हा मला वडील आठवले. चहावाल्याची मजुरी वाढली तर तो चहा दहाचा बारा करेल. माझे वडील कांद्याचा दर ठरवत नाहीत. तो लासलगावच्या लिलावात, दिल्लीच्या निर्यातबंदीवर आणि मध्य प्रदेशातल्या पिकावर ठरतो. मजुरी शंभरानं वाढली म्हणून बाजार समितीत कोणी क्विंटलमागे जास्त देत नाही. मजुरी वाढीला शेतकरी विरोध करतो तेव्हा त्याला शहरातली माणसं सहज शोषक ठरवतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. दोन-तीन एकरवाल्याची अडचण खरी असते. शेतमालाचा भाव न वाढवता शेतमजुरी वाढवायची म्हणजे एका गरिबाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं.

आणि अशा वेळी शेतकरी काय करतो, तेही मी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे एक एकर खुरपायला आठ बाया दोन दिवस लागायच्या. गुडघ्यावर बसून, ओळीनं पुढे सरकत, गवताचं एकेक मूळ खुरप्याच्या टोकानं उपसत. आता पाठीवर पंप अडकवलेला एक माणूस तणनाशक मारत सकाळच्या प्रहरात तेवढं रान उरकतो. खुरपणी हे बाईचं काम होतं, पंप गड्याच्या पाठीवर गेला. यंत्र किंवा औषध आलं की कुठलं काम जातं आणि ते कोणाचं होतं, हे विचारल्याशिवाय रोजगाराचा हिशोब पुरा होत नाही. तणनाशक काही किमान वेतनाच्या कायद्यामुळे आलं नाही, हेही सांगायला हवं. वडिलांच्या पन्नास वर्षांच्या शेतीत किमान वेतन मिळतं का हे तपासायला बांधावर कोणी फिरकलेलं नाही. मजूर शहराकडे गेले, बाजारातलीच मजुरी वाढली, आणि पंप स्वस्त पडू लागला.

तपासणीचा मुद्दा मोठा आहे. भारतात किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, म्हणजे राज्यघटनेहूनही जुना. २०१९ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या वेतन संहितेत तो सामावला गेला. कारखान्यात, दुकानात त्याचा थोडाफार धाक असतो. रानात नसतो. जो दर कोणी पाळतच नाही, त्यानं कामं गेली असं म्हणणंही चूक आणि मजुरांचं भलं झालं असं म्हणणंही चूक. मग रानातली मजुरी खऱ्या अर्थानं वर उचलणारं काही आहे का? आहे. आणि ते महाराष्ट्रातच घडलं.

मस्टरवरची हजेरी

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग करून पाहिला होता. गावात काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि त्यातून ताली, बांध, विहिरी उभ्या करायच्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये त्याची राज्यभराची रोजगार हमी योजना झाली, आणि लगेच तो भयंकर दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आजी त्यातली एक. तिच्या आठवणीत मजुरी नव्हती, सुकडी होती. कामावर खायला वाटायचे ती. "तिच्यावर तुझा बाप जगला," असं ती म्हणायची.

१९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशात पहिल्यांदा काम मागणं हा कायद्यानं दिलेला हक्क झाला. बाईला आणि गड्याला दर एकच. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, तो प्रोफेशनल टॅक्स मुळात याच कामासाठी सुरू झाला. शहरातला पगारदार आणि दुष्काळी गावातला मजूर यांना थेट जोडणारी अशी ओळ दुसऱ्या कुठल्या करात मला तरी दिसत नाही.

या योजनेचा दर शेतमजुरीच्या किमान वेतनाला बांधलेला होता. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि रोजगार हमीचाही दर दुप्पट झाला. आता कोणालाही वाटेल की दुप्पट मजुरी म्हटल्यावर कामांवर झुंबड उडाली असेल. उलट झालं. कामावर येणाऱ्यांची हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी महिन्या-महिन्याची हजेरी तपासून १९९३ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो असा: मजुरांना काम नको होतं म्हणून नव्हे, तर काम देणंच आखडतं घेतलं गेलं म्हणून हजेरी पडली. हमी कागदावर राहिली, प्रत्यक्षात कामाचं रेशनिंग सुरू झालं.

इथे मालक सरकार होतं. पैसा मोजका होता. दर दुप्पट झाला, तिजोरी झाली नाही. मग कामं कमी काढायची, लांब काढायची, उशिरा काढायची. वर टोमॅटोच्या उदाहरणात जे सांगितलं ते इथे अगदी तंतोतंत घडलं, असं कोणी म्हणेल. काही अभ्यासकांनी यावरून असाही युक्तिवाद केला, की दर कमीच ठेवा. कमी दरात खरोखरीचे गरजूच येतील आणि सगळ्यांना काम पुरेल. मला हा युक्तिवाद समजतो, पण मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सांगितलं, की किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरी आहे, आणि दुष्काळाचं निमित्त सांगून सरकारही ते करू शकत नाही. उपाशी माणसानं "कमी द्या, पण द्या" म्हटलं म्हणून तो सौदा राजीखुशीचा ठरत नाही. माझ्या मते १९८८ मध्ये दर चुकला नव्हता. दराच्या मागे पैसा उभा केला नाही, ते चुकलं.

हे मी नुसतं हळहळून म्हणत नाही. त्याची उलट बाजू वीस-बावीस वर्षांनी आंध्र प्रदेशात मोजली गेली. तोवर महाराष्ट्राचीच कल्पना २००५ च्या कायद्यानं देशभर गेली होती. आंध्रनं मजुरी बोटाच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्टकार्डनं द्यायला सुरुवात केली, आणि कुठल्या मंडलात, म्हणजे तिथल्या छोट्या तालुक्यात, हे आधी सुरू करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे आधी मिळालेली आणि नंतर मिळालेली मंडलं यांची सरळ तुलना करता आली. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी ती केली. मजुरी वेळेवर आणि मधे गळती न होता मिळू लागल्यावर या मजुरांच्या घरांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली. पण त्यातली ८६ टक्के वाढ योजनेच्या पैशातून नव्हतीच! ती बाहेरच्या, खाजगी कामातून आली. रानातली मजुरी वाढली, आणि रानातलं-दुकानातलं कामही वाढलं. आणि जिथे जमीन थोड्या लोकांच्या हातात एकवटलेली होती, तिथे काम जास्त वाढलं.

अकराव्या बाईचा हिशोब आठवतो? हे तेच आहे. जमीन जितकी थोड्या हातांत, तितका मालक जास्त एकटा, आणि तितकी दर वर गेल्यावर काम वाढायला जागा जास्त. मजुराला दुसरीकडे खरं काम मिळतं हे कळलं की मालकाला तिला धरून ठेवायला जास्त द्यावेच लागतात. यात निरीक्षक लागत नाही की खटला लागत नाही. मावशी नुसती म्हणते, "उद्या मला मस्टरवर, रोजगार हमीच्या कामावर जायचं आहे."

जमीनमालकांचं जमिनीतलं उत्पन्न यात घटलं, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि मला ते लपवायचं नाही. कोणाच्या तरी खिशातून गेलंच. मोठ्या जमीनदाराच्या खिशातून गेलं तर माझी हरकत नाही. माझ्या वडिलांसारख्यांच्या खिशातून जात असेल तर त्यांच्या कांद्याला भाव द्या, हे माझं मागणं आहे.

मजूर आळशी होतात का?

गावच्या पारावर याहून जास्त ऐकू येतं ते हे. "रोजगार हमीनं मजूर बिघडवले." "आठवड्यात चार दिवस भरले की पाचव्या दिवशी कोणी येत नाही." हे निव्वळ चिडून बोललेलं नसतं, त्यात एक खरा प्रश्न आहे. मजुरी वाढली की माणूस जास्त काम करतो का कमी?

दोन ओढी असतात. एक म्हणते, दिवसाचे आता जास्त मिळतात, घरी बसणं परवडत नाही, जा. दुसरी म्हणते, गरजेपुरतं चार दिवसांत सुटलं, पाचव्या दिवशी पाठ टेक. कुठली जिंकेल हे घराघरावर ठरतं. ज्याच्या घरात दोन वेळचं नाही तिथे पहिली जिंकते. जिथे थोडं स्थिरस्थावर झालंय तिथे दुसरी. आणि दुसरी जिंकली म्हणजे काय होतं ते पाहा: पोरगी खुरपायला न येता शाळेत जाते, बाळंतीण सव्वा महिन्याआधी रानात उतरत नाही, मावशी गुडघे सुजले असताना एक दिवस घरी राहते. पगारी माणसाला रविवार असतो, त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

तीच बाई कुठे कशी काम करते, हेही पाहायला हवं. कांदा लागवड आमच्याकडे उक्ती, म्हणजे ठोक दरानं, देतात. गेल्या हंगामात एकरी बारा हजारांच्या घरात दर गेला. पंधरा जणींची टोळी येते, तांबडं फुटायच्या आधी वाफ्यात उतरते, रोपांच्या जुड्या कमरेला, पाठ एकदाही सरळ न करता दिवस मावळायला एकर उरकते. एकीला आठशे पडतात. त्याच बाया ज्या दिवशी हजेरीवर असतात त्या दिवशी दहाला येतात आणि पाचला जातात. माणूस बदललेला नाही, कामाचा मोबदला कसा ठरतो ते बदललं. आणि रोजगार हमीवर खोदकाम मोजून मजुरी निघते, पण मोजतात अख्ख्या गटाचं आणि वाटतात सारखं. दहाजणींत एकीनं जीव तोडून दुप्पट माती काढली तरी वाढीचा दहावा हिस्साच तिच्या पदरात. जीव तोडायचं कारणच उरत नाही. हा दोष दराचा नाही, मोजणीचा आहे, आणि तो दुरुस्त करता येतो.

उशिरा मिळणाऱ्या पैशाचंही तसंच. मजुरी पंधरा दिवसांत मिळायला हवी, असं कायद्यात होतं. ती दीड-दोन महिन्यांनी खात्यावर आली तर २९७ पेक्षा संध्याकाळी हातावर पडणारे अडीचशे बरे वाटतात, कारण किराणा उधारीवर आणला की तो महाग पडतो. ओडिशात पत्रावळी लावणाऱ्या कामगारांवर एक प्रयोग झाला. एकूण कमाई तेवढीच, दरही तोच. फक्त काहींना त्यातला काही भाग आधी दिला. ज्यांना पैसे आधी मिळाले त्यांनी लगेच उसनवारी फेडली, घरात सामान भरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पत्रावळी जास्त झाल्या, चुका कमी झाल्या. फरक सर्वांत जास्त पडला तो सर्वांत गरीब कामगारांत. डोक्यावरचं कर्ज हात मंद करतं. पैशाच्या आधारानं माणूस सुस्तावतो, या समजाला याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

त्या दिवशी बांधावर मी मावशीला एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, कांद्याचं काम जाणार नाही, ते यंत्राला अजून जमत नाही. खुरपणीचा भरवसा देत नाही. आणि रोजगार हमीचा दर नुसता वाढून तुम्हाला काही मिळणार नाही, काम निघालं तर मिळेल. काम मागायचा नमुना ४ भरून द्या आणि पोच घ्या.

"पोच देत न्हाईत," मावशी म्हणाली.

सोमवारी अकराजणींबरोबर मी गेलो. अर्ज भरले. नमुना ५ ची पोच मागितली, तासभर बसलो, मिळाली. तारीख घातलेली पोच हातात असली की पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, असा तेव्हाचा नियम. चौदाव्या दिवशी बांधबंदिस्तीचं काम निघालं. ते जूनअखेरपर्यंत चाललं.

जुलैच्या शेवटी बाजरीच्या पहिल्या खुरपणीला वडिलांनी निरोप धाडला. बायांनी अडीचशेऐवजी तीनशे सांगितले. वडील थोडं कुरकुरले, मग हो म्हणाले. दरवर्षी आठजणी यायच्या. त्या वर्षीही आठच आल्या.